रंग सेव्ह होत नाहीत

शनि., ७ फेब्रु. वसमत

काल काय झालं ते आधी क्रमाने. मत नंतर.

१. सकाळी १०.४० ला ऑफिसात मेंढ्यांची यादी उघडली. ४१२ ओळी. दर ओळीत मालक, गाव, कानातल्या टॅगचा बारा आकडी नंबर, पहिल्या लशीची तारीख.
२. टॅगच्या रकान्यात 1.05E+11. खाली तेच. ४१२ वेळा तेच. मेंढी ओळखायचे शेवटचे आकडे कुठेच नाहीत.
३. राखीव प्रती तीन. तिन्ही उघडल्या. तिन्हींत तेच.
४. फाइल शेवटची सेव्ह झाली गुरुवारी दु. ४.१२, ४.१९ आणि ४.२६ ला. ऑफिसप्रमुख सरांच्या कॉम्प्युटरवरून, स्प्रेडशीटमधून.
५. त्या वेळी मी आईला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात होते. अर्ध्या दिवसाची रजा, अर्ज दिलेला.
६. सरांना विचारलं. म्हणाले, "मी काही केलं नाही. फक्त रंग दिले."
७. दुसरी मात्रा बुध. १८ ला. यादीत टॅग नाही त्या मेंढीला लस नाही, असा नियम.

एवढंच. बाकी उद्या.

रवि., ८ फेब्रु. हट्टा

स्प्रेडशीटचा दोष नाही. तिला बारा आकडे दिसले की ती मोठी संख्या समजते, जागा पुरावी म्हणून आखडून दाखवते, आणि सेव्ह करताना जे दाखवते तेच लिहिते. तिच्या दृष्टीने ती संख्या. आपल्या दृष्टीने ते मेंढीचं नाव. नावं आखडत नाहीत.

म्हणूनच नियम केला होता: यादी फक्त साध्या एडिटरमध्ये, म्हणजे नुसता मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये उघडायची. मी स्वतः व्हिम वापरते, काळ्या खिडकीत चालणारा एडिटर. नांदेडला कॉलेजात शिकले, कारण लॅबच्या मशीनवर दुसरं काही चालायचंच नाही. मग हात बसला. मी जिथे बोट लावीन तेवढंच बदलतं, बाकी एक अक्षर हलत नाही. मला तेवढंच पाहिजे.

नियम ऑक्टोबरमध्ये सांगितला होता. तोंडी.

आईचा एक डोळा पट्टीखाली, पण दुसरा माझ्यावर.
"काहून गप हैस?"
"ऑफिसचं."
"काय ऑफिसचं?"
"एक फाइल एका प्रोग्राममध्ये उघडायची होती. दुसऱ्यात उघडली."
"मंग? चूल बदलल्यानं भाकर बदलते व्हय?"
"बदलली."
"मंग ती चूल कशाला ठिवता तुमी?"



सोम., ९ फेब्रु.

मेमो मिळाला. माझ्या नावाने.

"तांत्रिक सहायक यांनी अनधिकृत एडिटर वापरल्यामुळे संस्थेची पशुधन यादी खराब झाली आहे. यापुढे सर्व काम स्प्रेडशीटमध्येच करावे."

दोनदा वाचला. मग सरांच्या खोलीत गेले.

"सर, सेव्हच्या वेळा बघा. तिन्ही तुमच्या मशीनवरच्या आहेत."
"वेळा राहू दे. तुझा तो काळा पडदा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. त्या मेंढपाळ ग्यानबाचं नाव फुटलेलं होतं त्यावर. ग एकीकडं, य एकीकडं. जे सॉफ्टवेअर माणसाचं नाव फोडतं ते आकडे नीट ठेवील?"
"ते फक्त तसं दिसतं. फाइलीत नीट असतं."
"आणि ते दिसत नाही. बराबर? न दिसणारं नीट आहे, हे मी शिबिराला जिल्ह्याहून येणाऱ्या साहेबांना कसं दाखवू?"

सर ओरडत नाहीत. त्यामुळे भांडताही येत नाही.

अडचण अशी की फुटलेल्या नावाबद्दल ते खरं बोलतात. काळ्या खिडकीत मराठी जोडाक्षरं तुटतात, काना-मात्रा शेजारच्या घरात जाऊन बसतात. मी सवयीने वाचते. दुसऱ्याला ते मोडकंच दिसणार.

वंदनाताई आवक-जावक बघतात, सोळा वर्षांपासून. जेवताना म्हणाल्या, "तुझं प्रोबेशन अठ्ठावीसला संपून राहिलं ना? मेमो फाइलीला लागला तर कायमचं पत्र निघत नसतं गं. मागं एकाचं अडकलं होतं."
मी डबा संपवला.

मंगळ., १० फेब्रु.

आदेश मानला तर यादी पुन्हा जाणार. नाही मानला तर दुसरा मेमो. म्हणून आज ऑफिसच्या मशीनवर सगळे एडिटर एकाच फाइलीवर तपासले. चाचणी चार गोष्टींची: बारा आकडे जसेच्या तसे, "ग्यानबा" न फुटता, मशीन न अडकता, आपल्या मनाने काही न घालता.

नोटपॅड: आकडे ठीक. नाव ठीक. ओळ शोधायची तर डोळे जातात.

प्रोग्रामिंगचा मोठा एडिटर, जो कॉलेजातले सगळे वापरतात: सुंदर. चार जीबीच्या मशीनवर उघडायला दोन मिनिटं दहा सेकंद. तेवढ्यात सरांचा चहा होतो. शिवाय दर वेळी विचारतो की अमुक जोडू का, तमुक बसवू का.

व्हिम: तीन गोष्टींत पास. नाव फुटलं. निकाल मान्य.

वर्ड: हा एडिटर नाही, पण वंदनाताईंनी मदत म्हणून माझी स्क्रिप्ट, म्हणजे यादीचं काम आपोआप करणाऱ्या आज्ञांची फाइल, त्यात उघडली. "किती बेढब लिवलंय, जरा नीट करून देते." सगळी सरळ अवतरणचिन्हं गोल, वाकडी, नक्षीदार झाली. सुरेख दिसत होती. एकही ओळ चालली नाही. प्रत माझ्याकडे होती.

छोटा एडिटर, नोटपॅडचा मोठा भाऊ म्हणता येईल असा: ओळींना नंबर. नाव अखंड. आकडे अखंड. उघडायला तीन सेकंद. फुकट. मला आवडत नाही, हात सारखा माउसकडे जातो. पण इथे प्रश्न मला काय आवडतं हा नाहीच.

हे मी ऑक्टोबरमध्ये करायला हवं होतं. तेव्हा मी माझ्यासाठी एडिटर निवडला, आणि नियम सगळ्यांसाठी केला.

बुध., ११ फेब्रु.

सापडलं. अर्धं.

घरच्या लॅपटॉपमध्ये व्हिम दर सेव्हला आधीची प्रत ठेवतो, नावाच्या शेवटी शेपटीसारखं चिन्ह लावून. १ तारखेच्या रविवारी स्क्रिप्ट लिहायला यादी पेन ड्राइव्हवर घरी आणली होती. ती शेपटीवाली प्रत तशीच आहे. ३२६ ओळी. बारा आकडे, सगळे.

उरल्या ८६. या ३ आणि ४ तारखेच्या नोंदी, सगळ्या एकाच कळपाच्या. ग्यानबामामांच्या. साखरा गावचे. मेंढरं घेऊन खाली येतात, रिकाम्या रानात खतासाठी बसवतात, चार दिवसांनी पुढच्या रानात. त्या दोन दिवशी लस टोचणारे कर्मचारी फोनवर नंबर वाचत होते, मी टाइप करत होते. कागद नाही. "कागदी नोंदी बंद" असं परिपत्रक. सूचना माझीच होती.

म्हणजे ते ८६ नंबर आज फक्त मेंढ्यांच्या कानात आहेत.

गुरु., १२ फेब्रु.

सरांना ३२६ दाखवल्या. चेहरा उजळला.
"व्वा. मग उरलेल्या टाक."
"कुठून टाकू?"
"एका गठ्ठ्यातले टॅग ओळीनंच असतात ना? मागच्याला एक मिळवत जायचं. तुझी स्क्रिप्ट करंल की दोन मिनटात."
"मेंढ्या ओळीने उभ्या नव्हत्या, सर."
"बारा आकडे असले म्हणजे झालं. कान कोण बघतंय?"
"अठराला बघतील. टॅग जुळला तरच लस."
"मग तू सांग काय करू. सोमवारी यादी साहेबांच्या टेबलावर पाहिजे."

मी सांगितलं, कान वाचून येते. शनिवारी, दुसरा शनिवार, सुटीच आहे.
ते म्हणाले, "जा बाई. पण वापरून राहिलीस कोणता एडिटर, तेवढं सांगत जा."

विनोद होता बहुतेक.

शुक्र., १३ फेब्रु.

एक गोष्ट आठवडाभर सुटत नव्हती. सरांनी रंग तीनदा का दिले? सात-सात मिनिटांच्या अंतराने?

आज वंदनाताईंना विचारलं. त्या शेजारीच बसलेल्या होत्या त्या दिवशी.

"अगं, त्यांनी बसून सगळी यादी रंगवली. आधी टोचलेल्या हिरव्या, या महिन्यात टोचलेल्या पिवळ्या. साहेब येणार म्हणून. सेव्ह केलं, बंद केलं, मला दाखवायला परत उघडलं, तर सगळं पांढरं! मग परत रंगवलं. परत पांढरं. तिसऱ्यांदा तर त्यांनी हळूच सेव्ह केलं, जपून. जसं की जोरात दाबल्यानं पुसून राहिलं."
मला हसू आलं. ताईंनाही.
"पण रंगाचं कुठून आलं त्यांच्या डोक्यात?"
"तुझ्याच पडद्यावरून की! तुझ्याकडं नावं निळी, आकडे लाल, तारखा हिरव्या. ते म्हणले, हिच्या फाइलीत रंग हायेत, माझ्याकडं उघडलं की न्हाईत, काहून? त्यांनी विचारलं बी होतं तुला."

विचारलं होतं. आठवलं. जानेवारीत, दारात उभं राहून. "तुझ्याकडं रंग येतात, मला काहून येत नाहीत?" मी मान वर न करता म्हणाले, "ते फाइलीत नसतात. एडिटर दाखवतो." आणि टाइप करत राहिले.

उत्तर बरोबर होतं. एका वाक्याचं होतं. ज्याने विचारलं त्याच्या उपयोगाचं नव्हतं. साध्या फाइलीत फक्त अक्षरं राहतात, रंग राहूच शकत नाही, हे सांगायला आणखी दोन मिनिटं लागली असती.

आता हिशोब पूर्ण बसतो. मशीन दर सेव्हनंतर एक राखीव प्रत बनवते, तीनच ठेवते, जुनी फेकते. आकडा तीन मीच ठरवला. सरांनी तीनदा रंगवलं. चांगली प्रत तिसऱ्या रंगाला बाहेर गेली.

आणखी एक. फाइलीच्या नावाला शेवटी सीएसव्ही मी लावलं. ते असलं की दोनदा क्लिक केल्यावर ती आपोआप स्प्रेडशीटमध्येच उघडते. म्हणजे नियम मी तोंडाने एक सांगितला, आणि फाइलीला दुसरा शिकवला.

शनिवारच्या सात मुद्द्यांच्या यादीत हे नाहीत. तेव्हा ती यादी पूर्ण वाटली होती.

शनि., १४ फेब्रु. हट्टा

कळप सापडला. रस्त्यात तीन ठिकाणी विचारलं, तिघांनी तीन दिशा दाखवल्या, शेवटी लेंड्या पाहत गेले. हट्ट्यापासून पाऊण तास, कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या रानात.

ग्यानबामामा काठीवर हनुवटी टेकून उभे. ओळख सांगितली.
"म्हंजे फोनवर नंबर घेत व्हती ती तू? आवाजावरून वाटलं मोठी बाई असंल."
"नंबर गेले, मामा. परत वाचायचेत."
"गेले? कुठं गेले?"
"कॉम्प्युटरमधून."
मामी मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ बसल्या होत्या. त्या जोरात हसल्या. "आमची मेंढी हरवली तर आमी चार गावं हिंडतो. तुमचं यंत्र खोलीत बसून शहाऐंशी हरवतं?"

मी वही काढली.

जाळीच्या तोंडाशी मामा एकेक धरून द्यायचे, मामी कान पालथा करून वाचायच्या. सातवी शिकलेल्या. चार-चार आकड्यांचे तीन तुकडे. मी वहीत लिहायचे, परत वाचायचे, त्या "व्हय" म्हणाल्या की सोडायची. पेन्सिल. वही. कोणताही एडिटर नाही. एकही आकडा आपोआप बदलला नाही.

मामा मध्येच म्हणाले, "ही टोचलेली हाय. ही बी. ती काळ्या तोंडाची दोनदा पळाली व्हती, सुईला भेती. तुला नंबर कशाला पाहिजे, माय? मी सांगतो ना तोंडं बघून."
"तुम्हाला तोंडं कळतात. लस देणाऱ्यांना नाही कळत."
"मंग त्यायला शिकवा," मामी म्हणाल्या. "आमाला तुमचा नंबर वाचाया शिकवला तसं."

मामांनी जरा थांबून विचारलं, "नंबर न्हाई भेटला तर बुधवारी लस न्हाई, व्हय ना? मागल्या साली पोट फुगून एका रात्री सात गेल्या माझ्या. सकाळी उठून बघतो तर आडव्या."
मी म्हटलं, भेटतील. हे म्हणायला नको होतं. अजून अर्ध्याच झाल्या होत्या.

शेवटी ८३. तिघींचे कान फाटलेले, टॅग बाभळीत अडकून गेलेले. मामी म्हणाल्या, "टाक की कायबी बारा आकडे." शब्द जवळपास सरांचेच. मी तीन ओळी मोकळ्या सोडल्या, पुढे लिहिलं: टॅग तुटला, मालकाने ओळखली.
"मोकळ्या काहून?"
"खोटा नंबर दुसऱ्या कुणाच्या तरी मेंढीचा असू शकतो, मामी."
त्यांनी ते पटल्यासारखं मान हलवली. मग शेळीच्या दुधाचा चहा दिला. निघताना म्हणाल्या, "आता तरी कुठं लिवून ठेव. कागदावर."

सोम., १६ फेब्रु.

यादी दिली. ३२६ आणि ८६. फाइलीच्या शेवटी सीएसव्हीऐवजी टीएक्सटी. सरांच्या मशीनवर छोटा एडिटर बसवला, दोनदा क्लिक केलं की त्यातच उघडते. नियम छापून कॉम्प्युटरला चिकटवला, तीन ओळींत. राखीव प्रती आता तीनऐवजी तीस, आणि रोजची एक वेगळी.

सरांनी यादी खालीवर सरकवली. ग्यानबामामांचं नाव अखंड. समाधान दिसलं.
"आणि रंग?"
या वेळी मी खुर्ची ओढून बसले. दहा मिनिटं लागली. साधी फाइल म्हणजे काय, रंग कोण दाखवतं, सेव्ह होताना काय राहतं. मग यादी छापून दिली आणि दोन मार्कर, हिरवा आणि पिवळा. सरांनी दुपारभर स्वतः रंगवली. रेघेबाहेर कुठे गेला नाही एकही रंग. मला म्हणाले, "हे नाही पुसत." मी म्हटलं, "नाही."

मग मेमोचा विषय काढला.
"सर, यादी कशाने गेली ते आता आपल्या दोघांनाही माहीत आहे."
"हो गं. तू मेहनत घेतली, मी कुठं नाही म्हणतो?"
"मेमोत कारण एडिटरचं लिहिलंय."
"ते आता... जावक नंबर पडलाय त्याला. वंदनाताईंना विचार. जावक झालेला कागद परत येत नसतो."
"नवीन कागद काढता येतो."
"साहेब जाऊ दे. मग बघू."

बघू. या शब्दाला तारीख नसते.

बुध., १८ फेब्रु.

शिबिर झालं. टॅग जुळले, ग्यानबामामांच्या ८३ लस घेऊन मोकळ्या. तिघी बाजूला थांबवल्या. डॉक्टर यादीतला शेरा वाचून म्हणाले, "नवा टॅग लावू, त्यात काय." लावला, टोचलं, तीन नंबर मी तिथेच वहीत आणि नंतर फाइलीत घेतले. एक मेंढी सुई बघून पळाली, मामांनी आधीच सांगितलेली, काळ्या तोंडाची.

साहेबांनी रंगीत कागद पाहिला. "छान ठेवलंय." सर म्हणाले, "आमच्या ऑफिसचं काम असंच असतं." माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं माहीत नाही.

संध्याकाळी सरांना मेमोचं विचारलं. "उद्या सुटी आहे. बघू."

गुरु., १९ फेब्रु. हट्टा

सुटी. पत्र लिहिलं. सवयीने आधी काळ्या खिडकीत सुरू केलं. "माननीय" फुटलं, माझं स्वतःचं नावही फुटलं. बंद केलं, छोट्या एडिटरमध्ये लिहिलं. ते वाचणाऱ्यासाठी आहे.

आईने ऐकलं. "तुझी चूक बी लिवलीस त्यात? त्यायला आयतंच हातात देऊन राहिलीस."
"झाली ती लिहिली."
"मंग तो मेमो अजून पक्का करतील ना?"
करू शकतात. मला माहीत आहे. पण ७ तारखेसारखं अर्धं खरं परत लिहायचं नाही.

उद्या छापून, सही करून, आवकमध्ये नंबर घेऊन देणार. वहीत नक्कल:

महोदय,
९ फेब्रुवारीच्या मेमोबाबत.
यादी ५ फेब्रुवारीला स्प्रेडशीटमध्ये सेव्ह झाल्याने खराब झाली. एडिटरमुळे नाही. सेव्हच्या वेळा सोबत जोडल्या आहेत.
माझ्याकडून झालेल्या चुका: फाइलीचं नाव मी असं ठेवलं की ती स्प्रेडशीटमध्ये आपोआप उघडावी. राखीव प्रती कमी ठेवल्या. कागदी नोंद बंद करण्याची सूचना माझी होती. नियम लेखी दिला नाही, आणि आपण रंगांबद्दल विचारलं तेव्हा नीट समजावून सांगितलं नाही. या चुकांसाठी मेमो काढायचा असल्यास मी तो स्वीकारेन.
पण सध्याच्या मेमोत लिहिलेलं कारण घडलेलं नाही. तो मागे घ्यावा, किंवा त्यात खरं कारण लिहावं.
माझं प्रोबेशन २८ फेब्रुवारीला संपतं. कृपया सोमवार, २३ फेब्रुवारी, संध्याकाळी ५ वाजेपर्यंत लेखी उत्तर द्यावं, ही विनंती.